मागायला जगभर फिरलेले अण्णा

पाटणच्या स्टँडवर चिपळूणच्या एसटीची वाट बघत तुम्ही कधी ना कधी उभे राहिलाच असाल. कोयनानगर, हेळवाक आणि पुढं कुंभार्ली घाट. खिडकीजवळची जागा मिळाली तर तो घाट बघण्यासारखा असतो, नाही मिळाली तर झोप काढायला बरा. आता हाच रस्ता उलट्या दिशेनं डोळ्यांसमोर आणा. 1875 च्या सुमाराची गोष्ट. एसटी नाही, डांबर नाही. दापोलीजवळच्या मुरुड गावातला एक सतरा वर्षांचा मुलगा सोबत्यांबरोबर चालत निघालाय. घाट चढून तो आपल्या कोयनेच्या खोऱ्यात येतो, पाटणवरून पुढं जातो आणि चार दिवसांत शंभराहून जास्त मैल तुडवून साताऱ्याला पोचतो. कशासाठी? परीक्षेसाठी. पास झालं की मास्तरकी किंवा कारकुनी मिळण्याची सोय करणारी ती सरकारी परीक्षा होती.

साताऱ्यात काय झालं? परीक्षकांनी त्याच्याकडं बघितलं आणि सांगून टाकलं की हा सतरा वर्षांचा वाटत नाही. मुलगा अंगानं किरकोळ होता. झालं, परीक्षेला बसूच दिलं नाही. आला तसा परत. पुढच्या वर्षी तो कोल्हापूरला गेला आणि तिथं पास झाला.

तो मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना महर्षी म्हणून वाचलं, 18 एप्रिलला जयंती म्हणून भाषणं ऐकली आणि विसरून गेलो. विधवा विवाह, हिंगणे, भारतरत्न, एवढ्या तीन शब्दांत आपलं कर्वे प्रकरण संपतं. पण तुम्ही पदवीच्या शेवटच्या वर्षाला असाल, पुढं संशोधन करायचं डोक्यात असेल, तर या माणसाची दुसरी एक बाजू तुमच्या जास्त कामाची आहे. पैसे मागण्याची बाजू.

हसू नका. सध्या विद्यापीठांत परदेशी फंडिंगची बरीच चर्चा असते. युरोपियन युनियनची मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्क नावाची योजना आहे. तिच्यात तीन वेगवेगळ्या देशांतल्या किमान तीन संस्थांनी मिळून अर्ज करायचा असतो. पैसे मिळाले की त्या संस्था पीएचडीचे विद्यार्थी घेतात आणि एकत्र मिळून शिकवतात. विद्यार्थ्यानं थोडे महिने इथं, थोडे तिथं काम करायचं. ज्या देशात निवड होते तिथं तो आधीच्या तीन वर्षांत बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेला नसावा, अशी अट असते, म्हणजे माणूस खरोखर दुसऱ्या देशात जातो. आपल्याकडच्या संस्थाही अशा जाळ्यात भागीदार म्हणून जाऊ शकतात. प्रपोजल लिहिताना तीन गोष्टी पटवून द्याव्या लागतात. काम किती दमदार आहे, त्याचा परिणाम काय होणार आणि ते प्रत्यक्षात कसं पार पाडणार. कर्व्यांना असा फॉर्म कुणी दिला नव्हता. पण हेच तीन प्रश्न त्यांना लोकांनी आयुष्यभर विचारले. पुण्यात विचारले, लंडनमध्ये विचारले, आफ्रिकेतही विचारले.

सुरुवात घरापासून झाली. गणितात बीए झालेले कर्वे 1891 मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून फर्ग्युसन कॉलेजात शिकवायला आले. त्याच वर्षी त्यांची पहिली पत्नी राधाबाई वारल्या. 1893 मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. त्या पुढं आनंदीबाई झाल्या, घरादारात बाया म्हणून ओळखल्या गेल्या. मुरुडनं या जोडप्यावर बहिष्कार टाकला. 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू झाला आणि 1900 मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. गणेश गोविंद गोखले यांनी तिथं सहा एकर जमीन दिली. तिच्यावर एक झोपडी उभी राहिली. कॉलेज सुटलं की कर्वे पुण्याहून पायी हिंगण्याला जायचे. पाय तयारच होते म्हणा, कुंभार्लीनं केलेले.

आश्रमासाठी पहिली देणगी कुणाची होती, माहितीय? त्यांची स्वतःची. साठवलेले हजार रुपये आणि पाच हजारांची आयुर्विम्याची पॉलिसी त्यांनी संस्थेच्या नावावर केली. लोकांकडं हात पसरायचा तर आधी आपला खिसा रिकामा करायचा, असा हा हिशेब. घरच्यांचे काय हाल झाले असतील याचा विचार मला तरी आधी आला. बायांनी आणि पोरांनी ते सोसलं, आणि त्याची भाषणं कुणी करत नाही.

परदेशातून निधी आणायचा म्हटल्यावर पहिलं नाव मात्र कर्व्यांचं येत नाही. ते येतं पार्वतीबाई आठवले यांचं. पार्वतीबाई म्हणजे बायांची धाकटी बहीण. तरुणपणी विधवा झालेली, मूल पदरात, शिक्षण नाही. हिंगण्याला येऊन शिकल्या, मग आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा करू लागल्या. त्यांना एक गोष्ट सतत टोचायची, ती म्हणजे इंग्रजी येत नाही. मग पन्नाशीला टेकलेली ही बाई 1918 मध्ये सरळ अमेरिकेला निघाली. इंग्रजी शिकायचं आणि जमलं तर आश्रमासाठी पैसे आणायचे, असे दोन हेतू.

तिथं जाऊन त्यांनी काय केलं असेल? लोकांच्या घरी घरकाम केलं. भांडी, झाडलोट, मोलकरणीची कामं. हातात ना स्कॉलरशिप, ना भारत सरकारचं पत्र. काम करता करता भाषा शिकल्या, आजारी पडल्या, उठल्या, ओळखी झाल्या तशी संस्थेची माहिती सांगत राहिल्या आणि 1920 मध्ये परत आल्या. नंतर त्यांनी हे सगळं 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात लिहून ठेवलं. पुढं ते इंग्रजीतही गेलं. कॉलेजच्या लायब्ररीत मिळालं तर कर्व्यांच्या आत्मचरित्राआधी हे वाचा, असं मी सांगेन. परदेशी जायचं म्हटलं की आपण आधी आयईएल्ट्सचा क्लास शोधतो. पार्वतीबाईंनी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात क्लास लावला.

दरम्यान इकडं आश्रमाची शाळा झाली होती, 1907 मध्ये महिला विद्यालय. आणि मग टपालानं एक पुस्तिका आली. काशीच्या शिवप्रसाद गुप्त यांनी ती पाठवली होती आणि ती होती टोकियोतल्या महिला विद्यापीठाबद्दल. हे विद्यापीठ जपानमध्ये 1901 मध्ये सुरू झालेलं. कर्व्यांनी पुस्तिका चाळून बाजूला ठेवून दिली. 1915 मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडं आलं, भाषण तयार करायला विषय हवा होता, तेव्हा ती पुन्हा हातात घेतली. या वेळी डोक्यात प्रकाश पडला. 1916 मध्ये भारतीय महिला विद्यापीठ सुरू झालं. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती, रँग्लर परांजपे कुलगुरू. आणि कॉलेजच्या पहिल्या वर्गात विद्यार्थिनी किती? पाच. तुमच्या कॉलेजात एखाद्या विषयाला पाच जण आले तर तो विषय बंद करतात.

या विद्यापीठाची आर्थिक मांडणी मला सगळ्यात भारी वाटते. कर्वे देशभर फिरले आणि पदवीधरांना म्हणाले की दरवर्षी थोडे पैसे द्या आणि मतदार व्हा. विद्यापीठ चालवणाऱ्या सिनेटवर कोण बसणार हे या वर्गणीदारांनी ठरवायचं. म्हणजे देणारा नुसता दानशूर राहत नाही, त्याला कारभारात आवाज मिळतो आणि तरी एकट्याच्या मुठीत काही जात नाही. गांधीजींकडंही कर्वे गेले. अभ्यासक्रमात मातृभाषेतून शिक्षण होतं, हे गांधीजींना पसंत होतं. इंग्रजी हा विषय सक्तीचा होता, ते नापसंत. तरीही वर्षाला दहा रुपये द्यायचं त्यांनी कबूल केलं. कर्व्यांनी दहा रुपये घेतले आणि इंग्रजीची सक्ती तशीच ठेवली. देणाऱ्याचं ऐकून घ्यायचं, पण अभ्यासक्रम आपला आपण ठरवायचा, हे इतक्या शांतपणे करता येणं सोपं नाही. गांधीजींपुढं तर नाहीच.

दहा-दहा रुपयांनी विद्यापीठ किती दिवस चालणार? 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपये जाहीर केले. ठाकरसी जपान बघून आले होते आणि तिथलं महिला विद्यापीठही त्यांनी पाहिलं होतं. म्हणजे एकाच जपानी संस्थेनं आधी कर्व्यांना आणि मग ठाकरसींना पकडलं. त्या काळचे पंधरा लाख म्हणजे डोळे फिरवणारी रक्कम. पण मोठी देणगी मोकळ्या हातांनी येत नाही. विद्यापीठाला ठाकरसींच्या आईचं नाव लागलं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. आपण आज ज्याला एसएनडीटी म्हणतो ते हेच. पुढं 1936 मध्ये मुख्य कचेरीही पुण्यातून मुंबईला गेली. दहा रुपयेवाल्याचं ऐकून न ऐकल्यासारखं करता येतं, पंधरा लाखवाल्याचं तसं होत नाही. मला यात ठाकरसींचा दोष वाटत नाही, त्यांच्यामुळं संस्था जगली. फक्त फॉर्म भरताना अटींचा कागद आधी वाचावा एवढंच.

खरी अडचण वेगळीच होती. सरकारनं या विद्यापीठाला मान्यता दिलेली नव्हती. इथं बीए मिळायची नाही, 'गृहीतागमा' मिळायची, जीए. त्यापुढची 'प्रदेयागमा', पीए. नावं सुंदर आहेत, पण नोकरीच्या दारात या कागदाला विचारणार कोण? विचार करा, तुमची मुलगी हुशार आहे, तिला तुम्ही मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजात घालाल की या? मान्यता नाही म्हणून विद्यार्थिनी कमी, विद्यार्थिनी कमी म्हणून पैसा कमी. आणि परदेशातल्या माणसापुढं उभं राहिल्यावर पहिला प्रश्न हाच येणार की तुमच्या सरकारलाच तुम्ही मान्य नाही, तर आम्ही का द्यावं.

तरी कर्वे गेले. मार्च 1929 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर. इंग्लंडमध्ये माल्व्हर्नला प्राथमिक शिक्षकांची परिषद, लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये भारतातल्या स्त्रीशिक्षणावर व्याख्यान, मग जिनिव्हा, मग डेन्मार्कमधल्या एल्सिनोरला नव्या शिक्षणाची आंतरराष्ट्रीय परिषद. बर्लिनमध्ये आइन्स्टाइन यांची भेट. पुढं अमेरिका आणि शेवटी जपान, जिथल्या पुस्तिकेपासून हे सगळं सुरू झालं ते विद्यापीठ त्यांनी चौदा वर्षांनी डोळ्यांनी बघितलं. एप्रिल 1930 मध्ये ते परतले. तेरा महिने सतत तेच सांगायचं. आमच्या देशात मुलींना त्यांच्या भाषेत उच्च शिक्षण देणारी एक संस्था आहे, तिला मदत करा.

आणि आता एक गोष्ट सांगते, जी मला पचायला जड गेली. कर्व्यांची सून इरावती. त्यांच्या दिनकर या मुलाची बायको. दिनकर स्वतः रसायनशास्त्रात जर्मनीला शिकून आलेले. इरावतीबाईंना मानववंशशास्त्रात डॉक्टरेट करायला बर्लिनला जायचं होतं. सासऱ्यांचा या जाण्याला विरोध होता. ज्यांनी बायकांसाठी विद्यापीठ काढलं त्यांचाच! दिनकर बायकोच्या बाजूनं उभे राहिले, डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेतलं आणि 1928 च्या नोव्हेंबरमध्ये इरावतीबाई जर्मनीला गेल्या. तिथं ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी मानवी कवटीच्या दोन बाजूंमधल्या असमानतेवर प्रबंध लिहिला. वंशावरून माणसांची प्रतवारी लावणाऱ्या शास्त्रज्ञांची ती संस्था होती. इरावतीबाईंनी मोजमापं घेतली आणि गुरूला हवा तो निष्कर्ष त्यातून निघत नाही असं दाखवलं. 1930 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. त्या बर्लिनमध्ये शिकत असताना सासरे जगभर पैसे मागत फिरत होते.

महापुरुषांच्या चरित्रात असे प्रसंग आले की आपण पान उलटतो. मी उलटणार नाही. अण्णांना बायकांनी शिकावं असं मनापासून वाटत होतं, पण कुठवर आणि कशासाठी, याची रेघ त्यांच्या मनात होती. त्यांच्या विद्यापीठात गृहव्यवस्था, आरोग्य असे विषय होते कारण बाईचं मुख्य काम घर, असं ते मानत. सून त्या रेघेपलीकडं गेली, तीही उसन्या पैशावर. पण पुढचं वाक्यही वाचा. 1931 पासून काही वर्षं याच एसएनडीटी विद्यापीठाच्या रजिस्ट्रार कोण होत्या? इरावती कर्वे. जर्मन डॉक्टरेट घेऊन त्या सासऱ्यांच्या विद्यापीठाच्या कचेरीत बसल्या.

तेव्हा कर्वे कुठं होते? आफ्रिकेत. 1930 च्या डिसेंबरमध्ये ते पुन्हा निघाले होते. त्यांचा मुलगा शंकर मोंबासाला डॉक्टर होता. केनिया, युगांडा, टांगानिका, झांजीबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका, दक्षिण आफ्रिका असा सव्वा वर्षाचा दौरा. युरोपातल्या परिषदांपेक्षा हा दौरा मला जास्त हुशारीचा वाटतो. इथं व्यापारासाठी गेलेली भारतीय कुटुंबं होती, त्यांत गुजराती भाषक भरपूर, आणि कर्व्यांच्या विद्यापीठात मराठीबरोबर गुजराती माध्यमातूनही शिकवत. या लोकांना स्त्रीशिक्षण म्हणजे काय हे नकाशा काढून सांगावं लागत नव्हतं. त्यांच्या घरात मुली होत्या. एल्सिनोरच्या परिषदेत टाळ्या मिळतात, मोंबासाच्या पेढीवर पावती फाटते. त्यातही सगळीकडं आधी ओळख, मग चहा, मग विषय. आजही हे काही फार बदललेलं नाही. प्रपोजल ऑनलाइन जातं, पण भागीदार मिळवायला आधी प्राध्यापकांच्या ओळखी लागतात. ज्यांच्याशी आपलं काम खरंच जुळतं अशी माणसं परदेशात शोधणं हे अर्धं काम, अर्ज लिहिणं त्यानंतरचं.

आणि मोठ्या परदेशी संस्थेच्या पैशावर चालणारा संयुक्त संशोधन-प्रशिक्षणाचा प्रकार आपल्याकडं कधी आला? तोही अण्णांच्या हयातीतच, आणि त्याच पुण्यात. इरावतीबाई 1939 पासून डेक्कन कॉलेजात होत्या. तिथले संचालक सुमित्र मंगेश कत्रे स्वतः लंडनची डॉक्टरेट घेऊन आलेले भाषाशास्त्रज्ञ. स्वातंत्र्यानंतर देशात शेकडो बोली आणि त्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारी माणसं मूठभर, ही त्यांची अडचण. 1953 मध्ये त्यांनी पुण्यात विद्वानांची परिषद भरवली आणि 1954 पासून अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीनं भाषाशास्त्राचा प्रकल्प सुरू झाला. अमेरिकन प्राध्यापक इथं येऊन उन्हाळी आणि हिवाळी शाळांत शिकवायचे, इथले तरुण तिकडं शिकायला जायचे. त्याच वर्षांत अशोक केळकर कॉर्नेल विद्यापीठात मराठीवर प्रबंध लिहून 1958 मध्ये डॉक्टर झाले. मराठीवरची पीएचडी अमेरिकेतून! प्रकल्पाची मुदत संपली, पण माणसं तयार झाली होती. त्यांनी पुढं इथंच विद्यार्थी घडवले.

कर्व्यांच्या वाट्याला रॉकफेलर कधी आला नाही. त्यांच्या विद्यापीठाला कायद्यानं मान्यता मिळायला 1951 साल उजाडलं. तोवर पस्तीस वर्षं जीए, पीए घेऊन बाहेर पडलेल्या बायका तो कागद घेऊन जगल्या. यातल्या कुणाला नोकरी नाकारली गेली असेल, कुणाला सासरी टोमणे बसले असतील. मान्यतेची वाट बघत थांबायचं की न थांबता सुरू करायचं, हा प्रश्न कर्व्यांनी सुरू करून सोडवला खरा, पण त्याची किंमत त्या मुलींनीही मोजली. आज तुम्ही एखाद्या नव्या संयुक्त अभ्यासक्रमाला प्रवेश घेत असाल तर पदवी कोणतं विद्यापीठ देणार आणि ती इथं चालणार का, हे दोन प्रश्न आधी विचारा. सर रागावले तरी चालेल.

जगप्रवास करून आलेले, सत्तरी उलटलेले अण्णा मग काय करत बसले असतील? 1936 मध्ये, म्हणजे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. ज्या खेड्यांत शाळाच नाही तिथं शाळा काढायच्या. त्यांना महिन्याला सत्तर रुपये पेन्शन होती, तिच्यातले पंधरा त्यांनी पहिले दिले. बाकीच्यांसाठी पुण्यात दारोदार. 1944 मध्ये समता संघ. 1955 मध्ये पद्मविभूषण आणि 1958 मध्ये, शंभरी पूर्ण झाली तेव्हा, भारतरत्न. 9 नोव्हेंबर 1962 ला ते गेले, वयाच्या एकशे पाचव्या वर्षात. त्यांनी काढलेल्या विद्यापीठात आता मुली पीएचडी करतात, आणि तिचं नाव पीएचडीच आहे.